अवकाळी पाऊस थांबला म्हणजे लाल घळीत उतरायला हरकत नाही? जालना-बदामी रोड ट्रिपआधी हे समजून घ्या

होळी झाली, गहू-हरभरा घरात आला, मुलांच्या परीक्षा संपत आल्या. पाडव्याला जोडून शनिवार-रविवार आला की जालन्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुठे जायचं?' हा प्रश्न सुरू होतो. अजिंठा-वेरूळ झालेलं असतं, लोणार झालेलं असतं, तुळजापूर तर दरवर्षीचंच. मग कुणीतरी एक रील टाकतं. हिरवट पाण्याचा तलाव, त्याच्या दोन्ही अंगांना उभे लाल कडे, कड्यांमधून वर चढत जाणारी अरुंद घळ आणि नुकत्याच पडलेल्या पावसाने धुऊन निघालेला गडद तांबडा दगड.

ही जागा म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली बदामी. जालन्याहून अंतर साधारण ५०० किलोमीटर. पहाटे निघालं तर संध्याकाळी मुक्कामी पोहोचता येतं.

पावसानंतरची बदामी खरंच सुंदर दिसते. धूळ बसलेली असते, हवा थोडी गार झालेली असते आणि ओल्या दगडाचा रंग दुपटीने खुलतो. पण पाऊस थांबल्यावर घळीत नेमकं कधी उतरायचं, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. आणि ५०० किलोमीटर गाडी चालवून गेल्यावर 'आज नको' म्हणणं किती अवघड असतं, हेही त्यात दिसत नाही.

याच दोन गोष्टी समजून घेऊया.

जालन्यात लाल दगडांच्या दऱ्या का नाहीत?

जालना जिल्हा ज्या खडकावर उभा आहे, तो ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे एकावर एक थर पसरले. त्या थरांचा बेसाल्ट तयार झाला. ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो, तो हाच. मराठवाड्यातली काळी कापसाची मातीसुद्धा याच खडकाची झीज होऊन बनलेली आहे.

पण या काळ्या खडकातही लाल रंग लपलेला आहे. रस्त्यासाठी डोंगर फोडलेला असेल किंवा एखादी खोल विहीर असेल, तर दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसू शकतो. एक लाव्हा थंड झाल्यानंतर पुढचा यायला मध्ये मोठा काळ जायचा. त्या काळात ऊन-पावसाने वरचा भाग झिजून माती व्हायची आणि त्यातलं लोह गंजून लाल व्हायचं. मग पुढचा लाव्हा येऊन ती माती झाकून टाकायचा. भूगर्भशास्त्रज्ञ या पट्ट्याला 'रेड बोल' म्हणतात. तो वरच्या-खालच्या पाषाणापेक्षा मऊ असतो. त्यामुळे अशा ठिकाणी कडा आधी झिजतो.

जालन्याहून जवळची मोठी घळ बघायची तर अजिंठ्याला जावं लागतं. वाघोरा नदीने घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी कोरली आणि तिच्या कड्यात लेणी खोदली गेली. तीही याच लाव्हाच्या खडकात. म्हणजे दरी आहे, पाणी आहे, पण सगळा कडा लाल असावा असा दगड नाही. तो बघायला दख्खनचा लाव्हा जिथे संपतो, तिथवर जावं लागतं.

इमारतींवरून ओळखा, दगड कुठे बदलला

जालन्यातून अंबड, वडीगोद्री करत गेलं की धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ लागतो. शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. पुढे गेवराई, बीड, मांजरसुंबा, येरमाळा, येडशी, धाराशिव, तुळजापूर आणि सोलापूर. त्यानंतर भीमा ओलांडून कर्नाटकात विजयपूर, म्हणजे आपलं जुनं विजापूर.

इथपर्यंत जमीन काळी आणि दगडही काळा. विजयपूरचा गोल घुमट, म्हणजे मोहम्मद आदिलशहाची कबर, काळपट बेसाल्टमध्ये बांधलेली आहे. मग कोल्हारजवळ कृष्णा नदी ओलांडायची. हळूहळू काळ्या खडकाचं राज्य संपतं आणि बदामीच्या आसपास डोंगरच लाल दिसू लागतात. बदामीपासून २२ किलोमीटरच्या आसपास असलेल्या पट्टदकलची मंदिरं याच तांबूस दगडात घडवली आहेत. १९८७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

हा लाल दगड म्हणजे वालुकाश्म, अर्थात वाळूचा खडक. नद्यांनी आणि उथळ पाण्याने आणून टाकलेली वाळू दबून दबून तयार झालेला. वाळूच्या कणांभोवती लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर आहे, म्हणून तो लाल. भूगर्भशास्त्रात या भागाला कलादगी खोरं म्हणतात आणि बदामीचे थर प्रोटेरोझोइक काळातले मानले जातात. हा काळच सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी संपला. म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधी ही वाळू वाहून येत होती. काही कड्यांवर त्या पाण्याच्या लाटांच्या खुणा आजही दिसतात.

मराठी माणसाला ही जागा परकी नाही. बदामी म्हणजे चालुक्यांची वातापी. इथल्या किल्ल्याच्या शिलालेखात शके ४६५, म्हणजे इसवी सन ५४३ चा उल्लेख आहे. पहिल्या पुलकेशीने किल्ला बांधल्याची ही नोंद. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा लेख आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात ऐहोळेला कोरलेल्या इसवी सन ६३४ च्या प्रशस्तीत ९९ हजार गावांच्या 'तीन महाराष्ट्रकां'चा उल्लेख येतो. १७८६ मध्ये मराठ्यांनी टिपू सुलतानाकडून बदामी घेतली. आणि बदामीपासून अगदी जवळ असलेली बनशंकरी ही महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची कुलदेवी आहे.

घळ म्हणजे पाण्याने शोधलेली वाट

बदामीत उत्तरेकडच्या किल्ल्यावर जाताना दोन उंच कड्यांमधून अरुंद वाट जाते. रीलमध्ये दिसते ती हीच. तिथे उभं राहिलं की एक प्रश्न पडतो. एवढ्या कठीण दगडात ही फट आली कुठून?

वालुकाश्माच्या थरांना उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली उतरतं, कण सैल करतं आणि वाहून नेतं. लाखो वर्षं हे चालू राहिलं की भेगेची फट होते, फटीची घळ होते. थोडक्यात, घळ ही पाण्याने स्वतःसाठी शोधलेली वाट असते. आपण तिथे पाहुणे.

चालुक्यांना हे नीट माहीत होतं. बदामीचा सुप्रसिद्ध अगस्त्य तलाव नैसर्गिक नाही. दोन्ही डोंगरांवरून उतरणारं पाणी जिथे एकत्र येतं, तिथे ते अडवून केलेला तो साठा आहे. तलावाच्या मागच्या कड्यावरून पावसाळ्यात 'अक्का-तंगी' नावाचा धबधबा कोसळतो. कन्नडमध्ये अक्का म्हणजे मोठी बहीण आणि तंगी म्हणजे धाकटी. पावसाविना हा कडा कोरडा असतो. पाऊस झाला की तिथे पाणी येतं. तलाव बघताना मान वर करून हे डोंगर बघितले, तर इथलं पाणी कुठून कुठे जातं याचा सगळा नकाशा डोळ्यांसमोर येतो.

वसंतातला पाऊस वेगळा का असतो?

जून ते सप्टेंबरचा मोसमी पाऊस मोठ्या प्रदेशावर पसरलेला असतो. मार्च ते मेमधला अवकाळी पाऊस तसा नसतो. जमीन तापते, गरम हवा झपाट्याने वर जाते. समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा तिला मिळाली की काही तासांत उंचच उंच ढग तयार होतात. असा एक ढग अनेकदा दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यातच कोसळतो. या गावात धो धो पाऊस आणि शेजारच्या गावात धूळ, हा अनुभव मराठवाड्यात कुणाला नवा नाही.

जालना जिल्ह्याने या पावसाचा फटका सोसलेला आहे. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालन्यासह मराठवाडा आणि विदर्भाच्या काही भागांत गारपीट झाली आणि हाताशी आलेली रब्बीची पिकं आडवी झाली. उत्तर कर्नाटकातही याच दिवसांत वादळी पाऊस होतो. तिकडे त्याला आंब्याच्या मोसमातला पाऊस म्हणून 'मँगो शॉवर्स' असंही म्हणतात.

या पावसाच्या तीन सवयी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तो बहुतेक वेळा दुपारनंतर किंवा संध्याकाळी येतो. थोड्या वेळात खूप पडतो. आणि सोबत वीज, सोसाट्याचा वारा, कधी गारा घेऊन येतो. घळीत चालणाऱ्यासाठी या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

डोक्यावर निळं आकाश, तरी पाण्याचा लोंढा?

हे कसं होतं, ते समजायला जालनेकरांना बाहेर जायची गरज नाही. नाशिककडे घाटमाथ्यावर जोरदार पाऊस झाला की जायकवाडी धरण भरतं. धरणाचे दरवाजे उघडले की अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतल्या गोदाकाठच्या गावांना सतर्क राहण्याचा इशारा मिळतो. त्या दिवशी त्या गावांत थेंबही पडलेला नसू शकतो. पाणी इथलं नसतंच, ते वरून आलेलं असतं.

घळीत हेच घडतं, फक्त फार वेगाने. गोदावरीच्या पाण्याला वरून खाली यायला बराच वेळ लागतो, म्हणून इशारा देता येतो. डोंगरातल्या छोट्या घळीला मिनिटं लागतात आणि तिथे भोंगा वाजवायला कुणी नसतं. माती असलेल्या उतारावर थोडं पाणी जिरतं तरी. उघड्या खडकावर पडलेलं पाणी जवळपास सगळंच वाहून येतं आणि चिंचोळ्या जागेत शिरलं की त्याची उंची झपाट्याने वाढते.

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲरिझोना राज्यात पेज शहराजवळ अँटेलोप कॅन्यन नावाची लाल वालुकाश्माची अरुंद घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक किलोमीटर अंतरावर वादळी पाऊस झाला. ते पाणी या घळीत शिरलं आणि आत असलेल्या ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. घळीपाशी तेव्हा फारसा पाऊस नव्हता.

महाराष्ट्राला आठवणारी घटना ३० जून २०२४ ची आहे. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले लोक एकमेकांना धरून उभे होते. प्रवाह अचानक वाढला आणि ५ जण वाहून गेले. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. तिथे बेसाल्ट होता, घळ अरुंद नव्हती आणि महिना पावसाळ्याचा होता. तरी मूळ कारण तेच होतं. पाणी आहे तेवढंच राहील, असं वाटत राहिलं.

बदामीच्या घळींची तुलना थेट ॲरिझोनाशी करणं बरोबर नाही. इथले डोंगर लहान आहेत, पाणी गोळा करणारं क्षेत्र कमी आहे. त्यामुळे येणारं पाणीही कमी. पण लहान क्षेत्राचा दुसरा अर्थ असा, की पाऊस पडणं आणि पाणी येणं यातला वेळही कमी. घोटाभर ते गुडघ्याखालचं वेगवान पाणीसुद्धा माणसाला पाडायला पुरतं. साधारण १५ सेंटिमीटर खोलीच्या वाहत्या पाण्यात प्रौढ माणसाचा तोल जाऊ शकतो, असं अमेरिकेची हवामान संस्था सांगते. ओल्या, गुळगुळीत दगडावर तर आणखी लवकर.

धोक्याच्या खुणा ओळखता येतात. स्वच्छ असलेलं पाणी अचानक गढूळ होणं, त्यात काड्या-पाला वाहत येणं, वरच्या अंगाने घरघर किंवा गडगडाट ऐकू येणं, वाऱ्याची गार झुळूक आतून येणं. यातलं एक जरी जाणवलं, तरी सामान न गोळा करता आधी बाजूच्या उंच जागेवर चढायचं. घळीच्या तोंडाकडे पळत सुटणं बहुतेक वेळा चुकीचं ठरतं, कारण पाणीही त्याच दिशेने येत असतं.

दगड वाळलेला दिसतो, पण आतून ओला असतो

पाणी ओसरलं, ऊन पडलं, कडा कोरडा दिसू लागला. आता तरी चढायला हरकत नाही ना?

इथे काळा पाषाण आणि वाळूचा खडक यांच्यातला फरक समोर येतो. भरीव बेसाल्टवर पडलेलं पाणी मुख्यतः भेगांतून आत जातं. वालुकाश्मात मात्र वाळूच्या कणांमध्येच बारीक पोकळ्या असतात. पाणी त्यात मुरतं. कण एकमेकांना धरून ठेवणारा भाग ओला झाला की दगडाची ताकद घटते. पृष्ठभाग तासाभरात वाळतो, आतल्या ओलीला मात्र वेळ लागतो.

अमेरिकेत लास वेगासजवळच्या रेड रॉक कॅन्यनमध्ये म्हणूनच एक अलिखित नियम पाळला जातो. पाऊस झाल्यावर २४ ते ७२ तास वालुकाश्मावर चढाई करायची नाही. ओल्या दगडाची कड हातात निघून येते. त्याने चढणारा पडतो आणि तो दगडही कायमचा तुटतो. तिथले गिर्यारोहक एक सोपी चाचणी करतात. कड्याच्या पायथ्याची माती बोटभर उकरायची. खालची माती ओलसर लागली, तर दगडही आतून ओला आहे असं समजायचं.

बदामीचा वालुकाश्म नेवाडातल्या दगडापेक्षा बराच कठीण आहे. म्हणूनच देशभरातले गिर्यारोहक सरावासाठी बदामीला येतात. पण सगळे थर सारखे नाहीत. घट्ट थरांच्या मध्ये मऊ थरही आहेत. त्यामुळे वाट्टेल त्या कडेला लोंबकळून फोटो काढणं कोरड्या दिवशीही शहाणपणाचं नाही. पावसानंतर तर नाहीच.

आणखी दोन गोष्टी. सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ओल आली की ते तेलासारखं घसरतं. दुसरं म्हणजे सुटे दगड. पावसाने माती धुपली की कड्याच्या माथ्यावरचे दगड सैल होतात आणि पाऊस थांबल्यानंतरही खाली येऊ शकतात. माकडांच्या उड्यांनीही ते निसटतात आणि बदामीत माकडं पुष्कळ आहेत.

विजेपासून गुहा वाचवते का?

बदामीपासून काही किलोमीटरवर झुडपी रानात 'सिडलफडी' नावाची जागा आहे. वालुकाश्माची नैसर्गिक कमान आणि तिच्याखाली आदिमानवाने काढलेली चित्रं. 'सिडिलु' म्हणजे कन्नडमध्ये वीज. कमानीला पडलेलं भोक वीज कोसळून झालं, असं स्थानिक लोक मानतात. ते खरं असो वा नसो, उघड्या खडकावर वीज पडते हे तिथल्या माणसाने नावातच नोंदवून ठेवलं आहे.

कडकडाट सुरू झाला की बहुतेक जण कड्याच्या कपारीत किंवा गुहेच्या तोंडाशी आसरा घेतात. पावसापासून ते बरं असतं, विजेपासून नाही. वीज कड्यावर पडली तर तिचा प्रवाह दगडावरून, ओलीवरून जमिनीकडे जातो आणि कपारीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसातून जाऊ शकतो. एकाकी झाडाखाली थांबणं तर सगळ्यात वाईट. चारही बाजूंनी बंद, धातूचं छत असलेली गाडी किंवा पक्की इमारत हाच खरा आसरा.

अंतर मोजायची पद्धत सोपी आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज धोक्याच्या अंतरात आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

फोनवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप ठेवावं. ते आसपासच्या विजेची सूचना देतं. कर्नाटकच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचंही असंच एक ॲप आहे आणि त्याचं नाव 'सिडिलु' हेच आहे.

रस्त्यावरचा धोका आधी

घळ लांबची गोष्ट. आधी ५०० किलोमीटर रस्ता आहे. महामार्ग चांगला असला, तरी जेवायला, देवदर्शनाला किंवा शॉर्टकट म्हणून गाडी आत वळवली की ओढ्यांवरचे फरशी पूल लागतात. वादळी पावसानंतर अशा पुलावरून पाणी वाहत असतं आणि खालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही.

साधारण ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवू शकतं आणि ६० सेंटिमीटर पाणी मोठी गाडीही ढकलत नेऊ शकतं. पुढचा ट्रॅक्टर गेला म्हणून आपली गाडी घालायची नाही. ट्रॅक्टरची उंची वेगळी, वजन वेगळं आणि चालकाला तो ओढा लहानपणापासून माहीत असतो.

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास जाणार असाल, तर येरमाळ्याला येडेश्वरीची मोठी यात्रा असते. महामार्गावर गर्दी होते. हिशेबात दोन तास जास्त धरले, तर पुढे अंधारात गाडी पळवायची वेळ येत नाही.

'एवढ्या लांब आलोय' हाच खरा धोका

आतापर्यंतचं सगळं अनेकांना थोडंफार ठाऊक असतं. तरी अपघात होतात. कारण त्या क्षणी निर्णय पाण्याकडे बघून होत नाही, तर खर्च झालेल्या पेट्रोलकडे, भरलेल्या हॉटेलच्या पैशांकडे आणि सोमवारच्या ड्युटीकडे बघून होतो. ग्रुपमधल्या एकाला शंका येते, पण 'तूच एक घाबरट' ऐकायला नको म्हणून तो गप्प बसतो.

यावर उपाय म्हणजे निर्णय घळीच्या तोंडाशी न घेता जालन्यातून निघायच्या आधीच घेणं. म्हणजे अटी आधी ठरवायच्या आणि तिथे फक्त त्या पाळायच्या. त्या अशा ठरवता येतील:

- निघायच्या आदल्या रात्री भारतीय हवामान विभागाचा बागलकोट जिल्ह्याचा अंदाज बघायचा. जालन्याचा नाही. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. नारंगी किंवा लाल असेल, तर घळीचा बेत रद्द.
- मुक्कामी पोहोचल्यावर लॉजवाल्याला किंवा रिक्षावाल्याला एकच प्रश्न विचारायचा. 'काल-परवा डोंगरावर पाऊस झाला का, किती वाजता?' गावातल्या पावसाबद्दल विचारू नका, डोंगरावरच्या विचारा.
- मोठा पाऊस होऊन २४ तास झाले नसतील, तर फक्त बांधलेल्या पायऱ्यांच्या वाटेने जायचं. कपारीतून, सुट्या दगडांवरून, रानवाटेने नाही.
- चढाई सकाळी लवकर, उतरणं दुपारी बाराच्या आत. अवकाळी ढग दुपारनंतर चढतात. शिवाय एप्रिलमध्ये लाल दगड दुपारी तव्यासारखा तापतो.
- वरच्या दिशेला काळा ढग दिसला, तर डोक्यावर ऊन असलं तरी मागे फिरायचं.
- कुणीही एकाने 'परत जाऊ' म्हटलं की सगळ्यांनी परतायचं. मतदान नाही, चेष्टा नाही.
- सिडलफडीसारख्या आडवाटेला जायचं असेल, तर स्थानिक माहितगार सोबत घ्यायचा आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून जायचं. अडचण आली तर ११२ हा क्रमांक कर्नाटकातही चालतो.

बेत बदलला तर दिवस वाया जातो का?

अजिबात नाही आणि हेच बदामीचं वैशिष्ट्य. घळ बंद असली तरी दिवस भरगच्च जातो. बदामीची चार लेणी बांधलेल्या पायऱ्यांनी बघता येतात. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज, तिसऱ्यातला भव्य विष्णू, चौथ्यातल्या जैन मूर्ती. तलावाच्या काठाने भूतनाथ मंदिरापर्यंत सपाट वाट आहे. गावात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. बनशंकरीचं दर्शन आहे. पट्टदकल आणि ऐहोळे मिळून एक दिवस सहज जातो. परतीला विजयपूरचा गोल घुमट आहे.

मात्र जिथे जाल तिथे दगडावर नाव कोरू नका, रंगवू नका. संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओल्या वालुकाश्मावर किल्लीचा ओरखडाही खोल जातो आणि तो भरून येत नाही.

परत जालन्याकडे

ही सगळी काळजी फक्त बदामीसाठी नाही. पाडव्याच्या सुट्टीत अजिंठ्याच्या वाघोरा नदीच्या पात्रात उतरताना, कन्नडजवळ गौताळ्याच्या जंगलात किंवा नगर जिल्ह्यातल्या सांदण दरीत जाताना नियम तेच आहेत. दगड काळा असो की लाल, घळीतलं पाणी वरून येतं आणि पाऊस थांबल्यानंतर येतं.

परतीच्या वाटेवर शहागडला पुन्हा गोदावरी लागते. मार्च-एप्रिलमध्ये पात्रात बहुतेक वाळूच दिसते. त्याच वाळूच्या काठावरची गावं ऑगस्टमध्ये जायकवाडीच्या दरवाजांची बातमी कान देऊन ऐकतात. आकाश निरभ्र असलं तरी गुरं वरच्या अंगाला हलवतात. तिथल्या एखाद्या आजोबांना घळीत कधी उतरायचं विचारलं, तर ते आधी वर बघतील. डोक्यावर नाही, पाणी येतं त्या दिशेला.